तांदळात लिहिलेलं नाव

१ नोव्हेंबर २०२३, बुधवार

आजपासून हयातीच्या दाखल्यांचा महिना. सकाळी आठला ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायला गेलो तर ओट्यावर अकरा जण आधीच येऊन बसलेले. सहा पेन्शनर, पाच विधवा बायका. आपल्या सातारा जिल्ह्यात असं एखादंच गाव निघेल, जिथून फौजेत कुणी गेलं नाही. एकट्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेली ४६ माणसं परत आली नाहीत. त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांनी पेन्शनीचे कागद कुणाकडून लिहून घेतले असतील, हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो.

सव्वीस वर्षं पलटणीत क्लार्क होतो, तेव्हा कागद हीच माझी रायफल. आता बुधवारी आणि रविवारी इथं बसतो.

पहिल्याच काकूंचे अंगठे यंत्राला उमटेनात. जन्मभर भांगलण केलेली बोटं, त्यांवर रेषा राहतातच कुठं? मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला केला. त्यांना वाटलं फोटो काढतोय, म्हणून पदर नीट घेतला. एका सुभेदार साहेबांची पेन्शन मागच्या वर्षी दोन महिने बंद पडली होती. दाखला वेळेत केला होता, पण केंद्रावरच्या पोरानं यादीत पैसे देणारी संस्था म्हणून ‘स्पर्श’ निवडायच्या ऐवजी जुनी बँक निवडली. पूर्वी पेन्शन बँक काढायची, आता प्रयागराजच्या कार्यालयातून स्पर्श या संगणकी व्यवस्थेमार्फत थेट खात्यात येते. हा बदल माणसांना कुणी समोर बसवून सांगितलाच नाही. दाखला झाल्यावर तो मंजूर झाल्याचा संदेश येईपर्यंत काम संपलं असं समजू नका, हे आज अकरा वेळा सांगितलं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वार नसताना एक काकू घरी आल्या, बरोबर नातू. मालक सप्टेंबरात गेले. आमच्याच मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७८ ला भरती, १९९५ ला नाईक म्हणून घरी आले. मी त्यांना ओळखत होतो, पण बायकोचं नाव मला ठाऊक नव्हतं.

ते नावच तर अडलंय. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ हुकमावर, पत्नी म्हणून लक्ष्मी लिहिलंय. आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पुस्तक, सगळीकडे हौसाबाई. (ही दोन्ही नावं मी इथं बदलून लिहितोय. वही कुणाच्याही हाती पडू शकते.) मृत्यूचा दाखला जोडून कुटुंब पेन्शनचा अर्ज केला, तो परत आला. हुकमातली बाई आणि अर्जातली बाई एकच आहे कशावरून?

काकूंना विचारलं, “लक्ष्मी कोण?”

“मीच की. लग्नात तांदळात लिवलं हुतं त्येंनी. त्या दिसापुरतंच. पुन्हा सगळी हौसाच म्हणायची.”

“आणि ते काय म्हणायचे?”

“ते कुठं नाव घ्यायचे! ‘आगं’ म्हणायचे.”

मी वही मिटून थोडा वेळ तसाच बसलो. हे कसं झालं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. लग्नाची रजा संपवून जवान परत येतो. क्लार्क किंड्रेड रोल पुढं ओढतो, घरच्या माणसांची यादी असते ती, आणि विचारतो, बीवी का नाम? चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची त्याला सवय नाही. लाजत तो ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं नाव सांगतो. त्याला वाटतं सरकारी कामाला हेच खरं नाव. क्लार्क इंग्रजीत लिहितो, पार्ट टू ऑर्डर निघते, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात नोंद होते. माणसानं आयुष्यात एकदाच बायकोचं नाव उच्चारलं, आणि तेच आज आडवं आलं.

तो क्लार्क मी नव्हतो, त्यांची पलटण वेगळी होती. पण अशा शेकडो नोंदी मी केल्यात. “गाव में क्या बुलाते हैं?” असं एकदाही कुणाला विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. वडील गेल्यावर दोन महिने पेन्शन खात्यात येत राहिली आणि मुलानं ती दवाखान्याच्या उधारीपायी काढली. ते पैसे वसूल होणार. मुलगा चोर नाही, त्याला माहीतच नव्हतं की पेन्शन माणसाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच असते आणि त्यानंतरचा पैसा परत करावा लागतो. मृत्यूची खबर लगेच द्यायची असते, हे तेराव्याला जमलेल्या चाळीस माणसांतल्या एकानंही सांगितलं नव्हतं.

८ नोव्हेंबर, बुधवार

तात्या आले. वय ७६. १९६६ ला भरती, १९७५ ला भावाच्या मरणानं शेती उघडी पडली म्हणून स्वतःच्या अर्जावर नाव कापून आले. नऊ वर्षं नोकरी. पेन्शनीला पंधरा लागतात, म्हणून पेन्शन नाही. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं औषधपाणीही पेन्शनरांसाठी, तेही नाही. १९७१ ला पूर्वेकडच्या लढाईत होते, ‘पूर्वी स्टार’ (त्या लढाईचं पदक) मिळालेला आहे. तो त्यांनी हळदीच्या डब्यात ठेवलाय.

ते माझ्याकडे स्वतःसाठी आलेच नव्हते. चुलतभावाच्या कॅन्टीन कार्डाची चौकशी करायला आले होते. मी सहज विचारलं, तुम्हाला केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत मिळते का? म्हणाले, “आपण कुठं पेन्शनीतले! आपल्याला काय मिळायचं?”

पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिना ४,००० रुपये मिळतात. तात्यांना त्यासाठी अर्ज करता येऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ते दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंड्यापाशी उभे होते, आम्ही सगळ्यांनी त्यांना सलाम केला आणि एकानंही हे सांगितलं नाही. त्यात मीही आलो.

घरपट्टीही भरतात, अजून. राज्य सरकारनं २०२० मध्ये माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या एका घराची घरपट्टी माफ केली, बाळासाहेब ठाकऱ्यांच्या नावानं ती योजना आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत मी बसतो, तिच्याच पुढच्या खोलीत तात्या पट्टी भरून पावती घेत होते. ग्रामसेवकांना लगेच बोलावलं. त्यांनी अर्ज तिथल्या तिथं घेतला, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे.

डिस्चार्ज बुक आणायला तात्या घरी गेले. कव्हर वाळवीनं खाल्लंय, आतली पानं शाबूत आहेत.

१४ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळणी झाली. हिनं विचारलं, यंदा काय देणार? ताटात पैसे टाकले आणि शिवाय कपाटातली फाईल काढून तिच्यापुढं ठेवली. आधी तिला वाटलं मी काहीतरी दुखणं लपवतोय. तिची समजूत काढायला अर्धा तास गेला.

पीपीओ, डिस्चार्ज बुक, स्पर्शचा क्रमांक, ईसीएचएसची कार्डं, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा कागद. हा विमा निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापून पुढच्या ठरावीक वर्षांसाठी लागू केलेला असतो. पुष्कळ घरांत माणूस त्या मुदतीत जातो आणि विमा होता हे घरच्यांना कधी कळतच नाही. तिला सगळं वाचून दाखवलं. कुटुंब पेन्शन मला मिळते त्यापेक्षा कमी असेल तेही सांगितलं. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. माणूस निवृत्तीनंतर गेला तर सुरुवातीला काही काळ वाढीव, म्हणजे ५० टक्के. सात वर्षं किंवा तो ६७ चा झाला असता तोवर, यातलं जे आधी येईल ते. हौसाबाईंच्या मालकांना ६४ वं चालू होतं, म्हणजे वाढीव पेन्शन तीन-एक वर्षंच. अडकलेल्या महिन्यांची थकबाकी पुढं मिळेल, बुडणार नाही. पण किराणावाला थकबाकी मिळेपर्यंत थांबत नाही.

ही सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी कुणाकडे जायचं? बुधवारी त्या खोलीत तुम्ही नसणार.”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. रात्री झोप लागली नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्ट्या संपून कोर्ट उघडलं. हौसाबाईंना घेऊन तालुक्याला. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं प्रतिज्ञापत्र केलं की लक्ष्मी आणि हौसाबाई ही एकाच बाईची नावं. नंतर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी पेपर आमच्या गावात कुणी घेत नाही, जाहिरात गावातलं कुणी वाचणार नाही, पण ती लागते.

वकिलाच्या टेबलापाशी काकूंनी विचारलं, “आता मी कोण ऱ्हायची? लक्ष्मी का हौसा?” वकील हसले. मला हसू आलं नाही. मालकांच्या सतरा वर्षांच्या नोकरीत चार-पाच मोठ्या रजा, बाकी पोस्टकार्डं. पोरं एकटीनं वाढवली, सासू-सासरे एकटीनं पोचवले, आणि त्या सगळ्याची लेखी खूण सरकारदरबारी एवढीच, की किंड्रेड रोलवर एक ओळ. ती ओळ तरी तिच्या स्वतःच्या नावाची असायला नको होती का?

येताना एसटीत त्या खिडकीशी बसून बोटानं मांडीवर काहीतरी गिरवत होत्या. अंगठा देतात, पण थोडं लिहिता येतं म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर, बुधवार

खोली आज बंद ठेवली, पुण्याला गेलो. शेजारच्या वाडीतल्या पोराला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात घेऊन जायचं होतं. सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. पोरगा म्हणतोय खरा, पण पस्तिशीचा बाप्या आहे. खुंटाचं मांस वर्षावर्षाला आटतं, कृत्रिम पायाची वाटी सैल होते, चालताना घासून जखम होते. मग नवीन माप, नवीन वाटी. लोकांना वाटतं पाय एकदा बसवला की झालं, पण हे येणं-जाणं त्याला जन्मभर आहे.

हे केंद्र १९४४ पासूनचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेलं. मापाला वेळ होता म्हणून मी मधल्या वेळात खडकीला जाऊन आलो. तिथल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात माझ्या भरतीचा एक सोबती आहे. पाठीच्या कण्यात गोळी लागली, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. त्याला भेटायला मी वर्षातून एकदा जातो आणि दर वेळी उशिरा गेलो असं वाटतं. व्हरांड्यात एक जण तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता. हात चालत नाहीत त्याचे. सोबत्यानं मला चहा पाजला, स्वतः खुर्ची ढकलत जाऊन आणला आणि मला उठू दिलं नाही.

जवळच क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ सालची. जायबंदी सैनिकांना हातात धंदा देण्यासाठी काढलेली. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातच कुणाला तरी कळलं होतं की पेन्शनच्या जोडीला माणसाला सकाळी उठून करायला काम लागतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ ला. येताना पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, मला पदक नको. ऊस तोडायला वाकता आलं पाहिजे.”

त्याचं बरोबर होतं. मी पुढं काही बोललो नाही. नवी वाटी नीट बसली आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

वन रँक वन पेन्शनच्या थकबाकीचा हप्ता आज जमा व्हायचा होता. सुप्रीम कोर्टानं मार्चमध्ये तारखा घालून दिल्या होत्या: आधी कुटुंब पेन्शनवाल्या बायका, मग सत्तरीपुढचे, मग बाकीचे तीन हप्त्यांत. आजचा दुसरा. दिवसभर फोन. आला का? किती आला? त्याला माझ्यापेक्षा जास्त कसा? प्रत्येकाला हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारून कोष्टक दाखवलं. घसा बसला.

एक मात्र लिहायला हवं. कोर्टानं बायकांना पहिल्या रांगेत ठेवलं. आमच्या गावच्या रांगेत त्या नेहमी शेवटी उभ्या राहतात.

७ डिसेंबर, गुरुवार, ध्वजदिन

शाळेत बोलावलं होतं. १९४९ पासून हा दिवस पाळतात. मुलांना झेंड्याचे तीन रंग विचारले, लाल, गडद निळा, फिका निळा. एका मुलीनं बरोबर सांगितलं: भूदल, नौदल, हवाई दल. मी भाषण केलं नाही. ध्वजदिन निधीच्या डब्यातला पैसा कुठं जातो ते सांगितलं. तालुक्याच्या शाळेत शिकणाऱ्या सैनिकाच्या मुलाचं वसतिगृह, विधवेच्या मुलीच्या लग्नाची मदत, तात्यांसारख्यांचे महिन्याचे ४,०००. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. मुलं वळून वळून त्यांच्याकडं बघायला लागली. तात्यांनी टोपी सारखी केली.

शाळा सुटल्यावर ती झेंड्याचे रंग सांगणारी मुलगी जवळ आली. तिची मोठी बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, वडील माजी सैनिक, बारावीला ७१ टक्के. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज केला का? घरात कुणाला माहीत नव्हतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला, किमान साठ टक्के गुण असतील तर, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५००. आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा, दुसऱ्या वर्षी गेलं की दार बंद. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो. फॉर्म बहिणीनंच भरला, मी फक्त शेजारी होतो. भराभर भरला. माझ्या ज्या चुका निस्तरायला चार तास लागतात, त्या तिनं एकदाही केल्या नाहीत.

हिनं पाडव्याला विचारलेलं तेव्हापासून डोक्यात होतं. त्या नर्सिंगच्या मुलीला विचारलं, सुट्टीला येशील तेव्हा रविवारी माझ्याबरोबर बसशील का? वडिलांकडं बघून तिनं हो म्हटलं.

१३ डिसेंबर, बुधवार

साताऱ्याला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. हौसाबाईंचे कागद: प्रतिज्ञापत्र, दोन्ही जाहिरातींची पानं, आधार, पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला. तिथल्या कल्याण संघटकांनी एकेक कागद उलटून पाहिला, एक शिक्का पुसट होता तो दाखवला, स्वतः फोन करून चौकशी केली आणि शिफारशीसह बेळगावला पाठवायला घेतले. हा माणूस तालुक्या-तालुक्यात फिरतो, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. टेबलापलीकडं आपल्यातला माणूस असला की पंधरा मिनिटांत जे होतं, ते एरवी तीन खेपांत होत नाही. तात्यांचा अर्जही पुढं गेला. त्यांच्या डिस्चार्ज बुकातलं जन्मसाल आणि आधारवरचं जन्मसाल जुळतं. एवढ्यानं मला किती हायसं वाटलं ते लिहून कळणार नाही.

१६ डिसेंबर, शनिवार, विजय दिवस

तात्यांनी हळदीच्या डब्यातला पूर्वी स्टार लावला. फीत पिवळी पडलीय, वासही हळदीचा. स्मारकापाशी पुष्पचक्र वाहताना हौसाबाई मागं उभ्या होत्या. मी त्यांना पुढं बोलावलं. सरपंचांनी यादी वाचली, या वर्षी गेलेल्या माजी सैनिकांची, आणि प्रत्येकाच्या मागं त्याच्या पत्नीचं नाव. हे मी सकाळी लिहून दिलं होतं. हौसाबाईंची मी दोन्ही नावं घातली होती.

२० डिसेंबर, बुधवार

खोलीत आज नर्सिंगची मुलगी आली. पहिल्याच नवऱ्या-बायकोला तिनं माझ्या आधी विचारलं, “काकू, तुम्हाला गावात काय म्हणतात?” आणि पीपीओ बघितला. एका अक्षराचा फरक निघाला. नवरा जिवंत असताना निघाला, म्हणजे दुरुस्ती सोपी.

दुपारी हौसाबाई कागद घेऊन आल्या. मागच्या आठवड्यापासून नातवाकडून सही शिकतायत. कागदभर लक्ष्मी, लक्ष्मी, लक्ष्मी. शेवटच्या ओळीला हौसा. त्यांना विचारायचं होतं की बेळगावच्या कागदावर यातली कुठली चालेल. मी सांगितलं, अजून काही दिवस अंगठाच द्या, अर्जावर अंगठा गेलाय, मध्येच सही बदलली तर पुन्हा प्रश्न येईल. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. उद्या त्यांचा फोटो काढायला तालुक्याला जायचं आहे, तो आणखी एक मागितलाय.